तात्या पोवारांचं स्टूल

"मशीन हलतंय, बिल्डिंग हलत न्हाय. आता तू सांग, तुला हलायचं हाय का गप बसायचं हाय?"

बारावीचा निकाल लागला की आमच्या मंगळवार पेठेतल्या गल्लीत हा प्रश्न दणदणायला लागायचा. विचारणारे तात्या पोवार. पाटबंधारे खात्यात ओव्हरसीअर, अंगानं आडवे, मिशा पांढऱ्या आणि आवाज असा की बाहेरच्या सोप्यात बसून काकूंकडं मीठ मागितलं तरी कोपऱ्यावरचा पानवाला वळून बघायचा. हळू बोलायची सोय देवानं त्यांच्या गळ्यात ठेवलीच नव्हती.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. तेव्हा आमच्याकडं पोरगं गणितात बरं निघालं की ते इंजिनिअर होणार हे घरच्यांनी परस्पर ठरवून टाकलेलं असायचं. पुढं रस्ते दोनच. मेकॅनिकल म्हणजे उद्यमनगर, लेथ, फाउंड्री आणि कपड्याला ऑइलचा वास. सिव्हिल म्हणजे वाळू, सिमेंट, ठेकेदारी आणि चपलेला चिखल. कॉम्प्युटर नावाचं तिसरं काहीतरी आलं होतं, पण त्यात नेमकं करायचं काय हे कुणालाच धड सांगता येत नव्हतं. "त्यात हाताला काय लागतच न्हाय," म्हणून तात्यांनी तो विषय केव्हाच मिटवलेला. राहिले दोन. त्यातलं एक निवडायचं म्हणजे घरात रोज भांडणं. बाप म्हणायचा मेकॅनिकल, मामा म्हणायचा सिव्हिल आणि पोराला तर दोन्हीतलं ओ की ठो कळत नसायचं. मग कंटाळून सगळे तात्यांकडं.

तात्यांनी त्याला रीतसर बघायच्या कार्यक्रमाचं रूप दिलं होतं. म्हणजे खरोखर, मुलगी बघतात तसं. रविवारची सकाळ. पोराचे आईबाप सतरंजीवर. काकू पोहे आणणार. आणि मधोमध एक लोखंडी स्टूल, त्यावर पोरगं. तात्या नाव विचारायचे, मूळ गाव विचारायचे, "मामा काय करतो?" हे कारण नसताना विचारायचे आणि मग पेपर उघडून वाचत बसायचे. निदान आम्हाला तरी तसं वाटायचं. खरं म्हणजे पेपराच्या वरनं त्यांची नजर पोराच्या पायांवर असायची. पाय हलवला, अंगठा मुडपला, मान खाजवली, बाहेर कुठली गाडी गेली म्हणून खिडकीकडं बघितलं, की संपलं. पोहे-चहा होईस्तोवर ज्याच्यानं गप बसवत नाही तो मेकॅनिकल. जो बसला तो सिव्हिल. चहाची बशी खाली ठेवली की तात्या पेपराची घडी घालून उभे राहायचे आणि निकाल सांगायचे. तो निकाल अख्ख्या गल्लीला एकदमच कळायचा.

हसायला येतं ना? मलाही येतं. पण त्या निकालावर घराघरांतली भांडणं मिटायची, हेही खरं. कुणीतरी ठामपणे काहीतरी सांगायला हवं होतं आणि तात्यांइतकं ठामपणे चुकीचं बोलणारा माणूस कोल्हापुरात दुसरा नव्हता.

एकदा एक पोरगं स्टुलावर बसल्या बसल्या झोपलं. चांगलं घोरायला लागलं. आईबाप शरमेनं लालबुंद. तात्यांनी पेपर खाली ठेवला आणि बराच वेळ त्याच्याकडं कौतुकानं बघत राहिले. मग म्हणाले, "ह्येला हितं काय तरास देऊ नका. ह्येला माज्या खात्यात चिकटवा."

माझा कार्यक्रम झाला तो दिवस मला चांगला आठवतो. तात्यांकडं सोन्या नावाचं कुत्रं होतं. नाव सोन्या, पण गल्लीतल्या अर्ध्या पोरांच्या पोटऱ्या त्यानं धरलेल्या. मी स्टुलावर बसलो आणि सोन्या आतल्या खोलीतनं आला, माझा वास घेतला आणि माझ्या डाव्या पायावर हनुवटी टेकून डोळे उघडे ठेवून पडून राहिला. झालं! मी जो थिजलो तो थिजलोच. श्वाससुद्धा बेतानं घेत होतो. पोह्यांची बशी हातात तशीच. काकू म्हणाल्या, "खा की रं." मी नुसता हसलो. नाकावर माशी बसली, तरी मी हललो नाही.

तात्या अर्ध्यातच उठले. "अरं काय हे पोरगं! मी एवढी पोरं बसवली, पण असं न्हाय बघितलं! दगड हाय दगड! चौगुले, डोळे झाकून सिव्हिलला घाला ह्येला!"

माझ्या वडिलांनी त्याच दिवशी पेढे वाटले. मी आज सिव्हिल इंजिनिअर आहे तो सोन्यामुळे. पुढं नोकरीला लागल्यावर एकदा धीर करून मी तात्यांना खरं काय ते सांगितलं. ते जरासुद्धा ओशाळले नाहीत. "मग? कुत्र्यानं वळाखलं तुला," म्हणाले. अशा माणसाशी काय बोलणार?

स्वतः ते हाडाचे सिव्हिल. डिप्लोमा केलेले, पण ऐट पूल बांधणाऱ्याची. कुणाच्याही घरात शिरताना आधी वर स्लॅबकडं बघणार, मग बोटाच्या पेरानं भिंत वाजवणार आणि मग घरधन्याला रामराम. खिशात कायम ओळंबा. दोरीला बांधलेलं ते पितळी वजन लोंबकळत सोडायचं आणि भिंत सरळ आहे की नाही बघायचं, हा त्यांचा विरंगुळा. लग्नाच्या मांडवातही खांबाला लावून बघायचे.

त्यांच्या पुतणीला स्थळ आलं होतं हातकणंगल्याचं. मंडळी बघायला गेली. चहापाणी झालं, माणसं गोड, घर मोठं. आणि तात्या उठले ते थेट दाराशी. ओळंबा सोडला, एक डोळा झाकला आणि तिथनंच ओरडले, "चौकट दोन सूत भाईर हाय!"

मुलाचे वडील तापले. "पावणं, पोरगं बघाय आलाईसा का घर?"

"पोरगं काय, दोन तास गोड बोलंल," तात्या म्हणाले. "भिंत खोटं बोलत न्हाय."

पुतणीचे वडील खाली बघायला लागले. स्थळ गेलं हे त्यांनी मनात लिहूनच टाकलं होतं. एवढ्यात नवरा मुलगा, इतका वेळ मान खाली घालून बसलेला, एकदम म्हणाला, "व्हय की! मी कवापास्नं बाबास्नी सांगालोय, दार घासतंय म्हणून!"

तात्यांनी ओळंबा खिशात टाकला. "पोरगं पसंत!" लग्न झालं, संसार झक्क चालला आहे. दार मात्र अजून घासतं, असं पुतणी सांगते.

आता ज्यासाठी एवढं सांगितलं ते. तात्यांना एकच मुलगी, मनीषा. सगळ्यांची मनी. आणि ही मनी लहानपणापासून जे मिळेल ते उघडणारी. काकूंचा मिक्सर तिनं उघडला, टेपरेकॉर्डर उघडला, देवघरातलं घड्याळ उघडलं. पुढं पुढं ती ते परत जोडायलाही शिकली, म्हणून घर वाचलं. गल्लीत कुणाची मोपेड बंद पडली की हाक मनीला. फ्रॉकला काळे हात पुसत यायची, दोन तारा इकडच्या तिकडं करायची आणि "मारा किक" म्हणायची. तात्या कट्ट्यावर बसून ओरडायचे, "माझी पोरगी हाय ती!" जसं काय कुणाला माहीतच नव्हतं.

मी इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष संपवलं त्या वर्षी मनी बारावी झाली. मार्क उत्तम. ब्रँच कुठली हे विचारायचीही गरज नव्हती. पण कुणी विचारलं की तात्याच उत्तर द्यायचे, "सिव्हिल." आणि लगेच विषय बदलायचे. स्टूल काढायचं नाव नाही.

मनीनं आठवडाभर ऐकून घेतलं आणि एका रविवारी स्वतःच स्टूल ओढत सोप्यात आणलं. मी तिथंच होतो. तात्यांनी मला मुद्दाम बोलावलं होतं, सिव्हिलची चार बरी वाक्यं पोरीच्या कानावर घालायला.

"गल्लीतल्या समद्या पोरांस्नी बसवलासा, मला का न्हाय?" मनी म्हणाली आणि बसली.

तात्यांचा नाइलाज झाला. पेपर उघडला. आणि मनी जी सुरू झाली! एक पाय हलव, दुसरा हलव. स्टुलासकट गोल फिर. वाकून खालनं स्टूल न्याहाळ. मग कमरेतली किल्ली काढून तिनं स्टुलाचा एक ढिला स्क्रू पिळायला घेतला, बसल्या बसल्याच.

तात्यांनी पेपर आपटला. "मुद्दाम हालालीस तू!"

"तसं कुणाला म्हटलासा काय आजवर?"

"परत बस. नीट बस."

"नीटच बसलोय." आमच्याकडच्या पोरी अशाच बोलतात, 'बसलोय', 'जातो', 'येतो'. मनी तर बोलताना कमरेवर हातही ठेवायची.

काकू पोह्यांची बशी घेऊन दारात उभ्या होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "लगीन झाल्यापास्नं मी ह्या घरातनं हाललो न्हाय. मग मी कोण? मोठी इंजिनिअरच की!"

मला हसू आवरेना. तात्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मी पोह्यात तोंड घातलं. शेवटी ते उठले, घसा खाकरला आणि म्हणाले, "निकाल राखून ठेवलाय." एवढ्या वर्षांत असा निकाल पहिलाच.

दुसऱ्या दिवशी ते मला मिसळ खायला घेऊन गेले. तात्या कुणाला मिसळ खाऊ घालतात म्हणजे काहीतरी बिघडलेलं असणार. तर्रीचा दुसरा हात झाल्यावर ते बोलले आणि नवल म्हणजे हळू बोलले.

"अन्या, मेकॅनिकलची पोरं कुठं हाईत बघ. पुणं. पिंपरी. बेंगलोर. मीच घातली की ती मेकॅनिकलला. त्यातलं एक तरी माघारी आलं काय? गणपतीला येत्यात, दोन दिस नाचत्यात, चालली. सिव्हिलवालं हितंच ऱ्हातंय. तुज्यासारकं." मग पावाचा तुकडा नुसताच बशीत फिरवत राहिले. "एकच पोरगी हाय रं. ती गेली तर घरात मी कुणावर वरडू?"

मी म्हटलं, "तात्या, कोल्हापुरातपण मेकॅनिकल आहे की. चार वर्षं तरी इथंच राहील."

"आनि नंतर?"

त्याचं उत्तर तात्यांनीच काढलं. बिल देता देता त्यांचे डोळे चमकले, आणि तात्यांचे डोळे चमकले की कुणाचं तरी काहीतरी होतंच.

रविवारी मला घेऊन ते एसटीनं जोतिबाला गेले. मला वाटलं, पोरीचं भलं मागायला. गर्दी ही एवढी. गुलालात सगळे न्हालेले. गाभाऱ्यासमोर गेल्यावर तात्यांनी हात जोडले, डोळे मिटले आणि मनातल्या मनात मागितलं. आता त्यांचं मनातल्या मनात म्हणजे काय, ते मी आधीच सांगितलं आहे.

"देवा जोतिबा, कोल्हापुरातलं मेकॅनिकल पोरीचा नंबर यायच्या आत भरू दे!"

त्यांचा हिशेब साधा होता. इथलं मेकॅनिकल संपलं की मनी इथलं सिव्हिल घेणार. घर सोडून ती जातेय कुठं!

मागं उभा असलेला एक गृहस्थ मात्र उसळला. "ओ पावणं! काय मागालाय हे? माझं पोरगं बी त्याच रांगेत हाय!"

"मग तुमी न भरू दे म्हणा!" तात्या डोळे न उघडता म्हणाले. "देव बघून घेईल कुणाचं ऐकायचं ते."

मी दुसऱ्या दिवशी हे काकूंना सांगितलं. सांगणारच. काकूंनी कपाळावर हात मारला आणि पोळी परतली.

ॲडमिशनच्या राउंडला त्या काळी सगळ्यांना समोर बोलवायचे. एका कॉलेजचा मोठा हॉल, वर स्टेजवर टेबल लावून बसलेले साहेब आणि मागं भला मोठा फळा. फळ्यावर कुठल्या कॉलेजात कुठल्या ब्रँचच्या किती जागा उरल्या ते खडूनं लिहिलेलं. मेरिटप्रमाणं नाव पुकारायचे, पोरगं स्टेजवर जायचं, कॉलेज आणि ब्रँच सांगायचं आणि एक बाई डस्टरनं आकडा पुसून एकानं कमी करायच्या. सांगायला वेळ किती, तर पाणी प्यायला लागतो तेवढा. चार वर्षांचं काय, जन्माचं तिथं ठरायचं, आणि मागचा "आटपा की" म्हणून ओरडत असायचा.

तात्या पुढच्या रांगेत बसले होते. नजर एकाच आकड्यावर. कोल्हापूर, मेकॅनिकल. बाईंनी डस्टर उचललं की ते पुढं वाकायचे. दुसरीकडचा आकडा पुसला की पुन्हा मागं. मनी त्यांच्या शेजारी, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत. तिचीही नजर त्याच आकड्यावर. बाप एका बाजूनं ओढत होता, लेक दुसऱ्या बाजूनं, आणि मध्ये त्या बिचाऱ्या डस्टरवाल्या बाई.

मनीचं नाव यायला थोडीच पोरं उरली असताना तो आकडा शून्य झाला.

"भरलं!" तात्यांनी माझ्या पाठीत असा धपाटा घातला की शेजारचे चौघं वळून बघायला लागले. "देव हाय, अन्या! हाय!"

मनीनं त्यांच्याकडं बघितलं. मग तिचं नाव पुकारलं.

दोघं स्टेजवर गेले. मी पायऱ्यांशी थांबलो. फळ्यावर आता तिच्यासाठी सरळ दोनच गोष्टी होत्या. कोल्हापूर सिव्हिल, नाहीतर पुणं मेकॅनिकल. साहेबांनी पेन उचललं. "बोला."

मनीनं एकदा फळ्याकडं बघितलं, एकदा तात्यांकडं. आणि अगदी हळू म्हणाली, "कोल्हापूर. सिव्हिल."

तात्यांना हवं ते मिळालं होतं. हसायचं तेवढं बाकी होतं. ते हसायलाही लागले. आणि मग त्यांनी मनीकडं नीट बघितलं. ती मान खाली घालून, हात एकमेकांत गुंतवून उभी होती. पाय हलत नव्हता. बोट हलत नव्हतं. एवढ्या वर्षांत मी मनीला अशी कधी बघितली नव्हती. तिच्या बापानंही बघितली नसावी.

साहेबांचं पेन कागदाला टेकणार, तोच तात्या ओरडले, "थांबा! लिवू नका!"

डस्टरवाल्या बाईंनीही वळून बघितलं.

"सायब, कोल्हापुरात मेकॅनिकलची एक बी सीट न्हाय? नीट बघा की. त्या बाईंनी पुसताना एखादी जादा पुसली असंल."

"अहो, आत्ताच संपली. तुमच्यासमोर संपली."

"मागनं कोण सोडलं तर?"

"ते पुढच्या पुढं. आत्ता काय ते सांगा."

खालनं कुणीतरी ओरडलं, "ओ पावणं, आटपा की!"

तात्या वळले. "तुमची गाडी सुटालीय काय? दम काढा!" मग साहेबांकडं वळून, आवाज जेवढा होता तेवढा लावून म्हणाले, "पुणं. मेकॅनिकल. लिवा."

"तात्या, मी सिव्हिल…"

"तू गप. ती चुकून बोलली सायब. घाबरट हाय जरा."

साहेब वैतागले. "मुलीनं सांगितलं पाहिजे. काय गं, काय लिहू?"

आणि मनीनं सांगितलं. बापाचाच गळा तो. "मेकॅनिकल!" मागच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं आणि हॉलमध्ये हशा पिकला.

खाली आल्यावर तात्या स्टेजच्या शेवटच्या पायरीवर बसले. मनी कागद आणायला टेबलाकडं गेली होती. त्यांचं तोंड एवढंसं झालं होतं. मला वाईट वाटलं. खरंच वाटलं. आणि हसूही दाबता येत नव्हतं.

"देवाकडं मी काय मागून बसलो रं अन्या," ते म्हणाले. "गप घरात बसलो असतो तर चार वर्सं पोरगी हितं असती की. मीच धाडली तिला."

पण हे सगळं घरी पोचेपर्यंत. गल्लीत पाय टाकला आणि तात्या सावरले. कट्ट्यावर बसून येईल त्याला सांगायला लागले, "मनी सिव्हिल म्हणत हुती. मीच म्हटलं, न्हाय! मेकॅनिकलच! पोरीची जात म्हणून काय मशीन चावतंय काय?" आता ह्यात खोटं म्हणाल तर एक अक्षर नव्हतं. काकू आतनं म्हणाल्या, "व्हय, आणि जोतिबाला कोण गेलतं?" तात्यांनी माझ्याकडं बघितलं. मी घरी पळालो.

मनी पुण्याला गेली. पुढच्या जूनमध्ये पुन्हा स्टूल निघालं आणि एक गंमत लक्षात यायला लागली. आलेलं प्रत्येक पोरगं सिव्हिल निघत होतं. पाय हलवणारं सिव्हिल, नखं खाणारं सिव्हिल, एकानं तर कंटाळून स्टूलच उलटं केलं, तेही सिव्हिल. मी तात्यांना विचारलं, "हे काय चालवलंय?"

"एवढी पोरं तरी हितं ऱ्हाऊ देत की," ते म्हणाले.

मग दोन हजार साल उजाडलं, सगळीच पोरं कॉम्प्युटरला पळायला लागली आणि तात्यांचा धंदा आपोआप बसला. त्यांना त्याचं फारसं वाटलं नाही. तोवर त्यांना नवा उद्योग मिळाला होता. मनी पुण्याच्या एका कारखान्यात लागली होती, थेट मशीनशॉपमध्ये. "माज्या पोरीच्या हाताखाली धा माणसं हाईत," हे पहिल्या महिन्यात. दिवाळीपर्यंत ती चाळीस झाली. शिमग्याला आख्खा कारखाना तिच्या हाताखाली होता आणि मालक तिला विचारून चहा पीत होता. सुट्टीला मनी आली की ती सगळं ऐकून घ्यायची आणि फक्त म्हणायची, "तात्या, एवढ्यास्नी पगार कोण देणार?"

मग कंपनीनं तिला जर्मनीला पाठवायचं ठरवलं, दोन-तीन वर्षांसाठी. तात्यांनी ती बातमी आम्हाला सांगितली तेव्हा त्यात एक माणूससुद्धा वाढवला नाही.

ती तिकडं असतानाच तात्या गेले. हार्टॲटॅक, बसल्या जागी. मी तेव्हा कोकणात एका पुलाच्या कामावर होतो; पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. त्यामुळे माझ्याजवळ त्यांचं शेवटचं म्हणून जे आहे ते मनी गेली त्या सकाळचं.

कळंब्याला आमच्या एका अपार्टमेंटचं काम चालू होतं, तिकडं निघालो होतो. बिंदू चौकात बघतो तर गर्दीतनं तात्या मोटारसायकल ढकलत येताहेत. चकचकीत गाडी. सदरा घामानं भिजलेला. मला वाटलं, पेट्रोल संपलं.

"संपलं न्हाय. फुल हाय," तात्या म्हणाले. "मला चालवाय येत न्हाय."

झालं होतं असं. मनीनं पुण्यातली आपली गाडी घरी ठेवायला आणली होती. सकाळी तिनंच तात्यांना मागं बसवलं, बॅग मध्ये घेतली आणि दोघं थाटात एसटी स्टँडवर गेले. काकूंनी निरोप घरीच घेतलेला. पुण्याची बस लागली, मनी बसली, बस सुटली. आणि मग तात्यांना दिसली, खांबाला टेकून उभी केलेली गाडी.

"दोघंबी इंजिनिअर," ते म्हणाले, "आणि हे एकाच्या बी डोस्क्यात आलं न्हाय!"

मी म्हटलं, "द्या, मी चालवतो. मागं बसा."

"नगं. तिनं माज्या हातात दिलीया." आणि ढकलायला लागले. मग मी माझी गाडी कडेला लावली आणि त्यांच्याबरोबर चालत निघालो. तात्या पोवार आणि गप्प, मला ते सहन होईना.

"रडली काय मनी?" मी विचारलं.

"रडतीया कशाची! हसत हुती." ते थांबले. "खिडकीतनं काय म्हणाली म्हाईत हाय? म्हणाली, तात्या, त्या दिवशी वर सायबापुढं मी सिव्हिल म्हटलो न्हवं? मला म्हाईत हुतं तुमच्यानं ते बघवायचं न्हाय. मागच्यांनी आटपा म्हणायच्या आत तुमीच मेकॅनिकल म्हणणार."

मी म्हटलं, "काय सांगताय!"

"एवढी वर्सं मी गल्लीला सांगालोय की मी धाडली म्हणून! फसवलं की रं पोरीनं मला, समद्या हॉलसमोर!" आणि ते हसायला लागले. गाडी धरून, भर रस्त्यात, डोळ्यांतनं पाणी येईस्तोवर. मागनं रिक्षावाला हॉर्न मारत होता, त्याच्याकडं लक्ष नाही. मग सदऱ्याच्या बाहीनं तोंड पुसलं.

"मी तिला इचारलं, मग समदं नाटकच हुतं काय? तर म्हणाली, न्हाय तात्या, निम्मं खरं हुतं. आनि बस सुटली." त्यांनी माझ्याकडं बघितलं. "तू हुतास की तितं, पायऱ्यापाशी. कुठलं निम्मं रं अन्या?"

मला तरी काय कळलं होतं? मी म्हटलं, "परत आली की तिलाच विचारा, तात्या."

"व्हय," ते म्हणाले. "आली की इचारतो."

मग त्यांनी मला माझ्या कामाकडं माघारी पिटाळलं, हॉर्न दाबला, "सरका ओ पावणं, गाडी येतीया!" म्हणून समोरच्या गर्दीवर ओरडले आणि गाडी ढकलत मिरजकर तिकटीकडं निघून गेले.